बर्बन, पण धुराची

बर्बन, म्हणजे अमेरिकेची मक्याची व्हिस्की, चवीला व्हॅनिला, कॅरॅमल, गोडसर. आणि धूर हवा असेल तर स्कॉटलंडच्या आयला बेटाची व्हिस्की. काल कोथरूडला मित्राकडे हे दोन्ही एकाच ग्लासात आलं! त्याच्या भावाने न्यूयॉर्कहून ब्रुकलिनच्या किंग्ज काउंटी डिस्टिलरीची पीटेड, म्हणजे पीटच्या (दलदलीतल्या कुजक्या वनस्पतींच्या मातीच्या) धुराची बर्बन आणली होती.

यात नियम कुठेही मोडलेला नाही बरं का. अमेरिकेच्या कायद्याप्रमाणे बर्बनच्या धान्यात किमान ५१ टक्के मका हवा आणि ती आतून जाळलेल्या नव्याकोऱ्या ओकच्या पिंपात मुरायला हवी. उरलेलं धान्य कोणतं, ते बनवणाऱ्याने ठरवायचं. एरवी स्टार्चची साखर व्हावी म्हणून थोडं साधं बार्लीचं माल्ट, म्हणजे मोड आणून वाळवलेली बार्ली, घालतात. इथे तेच माल्ट पीटच्या धुरावर वाळवलेलं.

पहिला घोट बिनपाण्याचा. आधी मक्याचा गोडवा, मग पिंपाचं व्हॅनिला, आणि गिळल्यानंतर मागून हळूच धूर. सिंहगडावर निखाऱ्यांवर भाजलेलं कणीस, अगदी तेच! आयलाच्या व्हिस्कीतला तो औषधी, आयोडीनसारखा वास नावालाही नाही. चार थेंब पाणी टाकल्यावर धूर पुढे आला आणि गोडवा मागे सरला, म्हणून मला नुसतीच जास्त आवडली. बर्फ तर मुळीच नको, गारव्याने वास दबतो. आणि मसाला शेंगदाणे नंतर, कृपया.

पुण्यात कुणी ही चाखली असेल तर जरूर लिहा. राय (rye) हे धान्य जास्त असलेल्या बर्बनशेजारी ठेवून पुन्हा प्यायची आहे.