बाबांना सांग

दुपारी चारच्या सुमारास खालून आवाज आला, "बाबांना सांग, किल्ली वरच राहिली म्हणावं." खिडकीतून पाहिलं तर समोरच्या इमारतीतली सून कडेवर पोर घेऊन उभी, आणि 'बाबा' तिच्यापासून दोन हातांवर स्कूटरचं सीट पुसतायत. पोर असेल सहा-सात महिन्यांचं. त्याने किल्लीबद्दल काही सांगितलं नाही, स्वतःची मूठ तोंडात घातली. तरी निरोप पोचला. बाबा निमूट जिना चढायला लागले.

आपल्याकडे पोरांना हे काम फार लवकर लागतं. दात यायच्या आधी.

भाषाशास्त्रज्ञ अशोक केळकरांनी १९६४ साली 'वर्ड' या नियतकालिकात मराठी बाळबोलीवर अख्खा लेख लिहिला. त्याच वर्षी चार्ल्स फर्ग्युसन यांनी सहा भाषांतल्या बाळबोलीचा एकत्र विचार केला, त्या सहांत अरबी, स्पॅनिशच्या पंगतीला मराठीही होती. आपल्या घरातलं मम्मं, भुर्र, जोजो इतक्या दूर जाऊन बसलं याचा मला उगाचच अभिमान वाटला होता. पण माझं कुतूहल जरा चोंबडं आहे. बाळाकडे बघून बोललेल्या वाक्यांतली बाळासाठी किती असतात? "आजीला म्हणावं, आम्ही आज लवकर झोपणार" हे सुनेचं की नातीचं? "आमची बाटली कोणी धुतलीच नाही बाई" हे नक्की कोणाच्या कानांसाठी? लेकी बोले सुने लागे, हे खरंच. पण त्या लेकीला निदान बोललेलं कळायचं तरी. इथे जिला बोलायचं ती अजून बसायला शिकतेय.

चिऊकाऊची गोष्ट आठवून पाहा. कावळा पावसात भिजतोय, दार वाजवतोय, आणि चिऊताई आतून सांगतेय, थांब माझ्या बाळाला अंघोळ घालते, थांब माझ्या बाळाला तीट लावते. सगळी गोष्टभर ते बाळ एक अक्षर बोलत नाही. भूक लागली म्हणत नाही, रडत नाही. त्याच्या आडून चिऊ कावळ्याला दाराबाहेर भिजवते, एवढंच त्याचं काम. आपण ही गोष्ट ऐकत भात खाल्ला.

आमच्या घरी ही टपालसेवा जोरात होती. साताऱ्यातलं भाड्याचं घर, दोनच खोल्या. आई स्टोव्हपाशी, वडील मधल्या उंबऱ्याशी पाठ टेकून पेपर वाचत. आईने त्यांना नावाने हाक मारण्याचा प्रश्नच नव्हता, आणि घरात पाहुणे असले की 'अहो'सुद्धा जपून. मग मी. "बाबांना सांग, पाणी तापलंय." मी चार पावलं जाऊन सांगायची, "बाबा, पाणी तापलंय." "आईला सांग, पाच मिनिटं." मी वळून चार पावलं परत. यात विनोदी काही आहे असं तिघांपैकी कोणालाही वाटत नसे.

अबोल्याच्या दिवसांत कामाचा ताण वाढायचा. "त्यांना म्हणावं, डबा भरलाय. न्यायचा तर न्या, नाहीतर राहू दे तिथंच."

"बाबा, डबा भरलाय."

"तिला म्हणावं, मेहरबानी झाली."

"आई, बाबा नेतायत डबा."

मला कोणी शिकवलं नव्हतं. निरोप उंबरा ओलांडताना अर्धा करायचा असतो, हे पायांनाच कळायचं. आईला आणि वडिलांना आपलं बोलणं तिकडे पूर्ण ऐकू जातंय हे माहीत होतंच, तरी माझं अर्धवट उत्तरच दोघं धरून चालत. धाकटा भाऊ मात्र निरोप जसाच्या तसा पोचवायचा, आईने नाक मुरडलं तर तेही करून दाखवायचा. त्यामुळे अबोला सुरू झाला की त्याला आधी वाण्याकडे पिटाळत.

आता माझ्या भाचीच्या घरी सगळं थेट असतं. "आधी दूध हवंय की आधी ब्रश करायचा?" "तुला राग का आला ते मला नीट सांगशील?" मुलगा तीन वर्षांचा. चांगलंच आहे, मी कुठे नाही म्हणते. पण नुसतं ऐकून मला धाप लागते. लहानपणी माझ्याशी कोणी इतकं समोरासमोर आणि इतका वेळ बोललं असतं तर मी माळ्यावर जाऊन बसले असते. निरोप्याचं एक बरं असतं, त्याला स्वतःला काय वाटतं हे कोणी विचारत नाही. परवा भाचीने लेकाला विचारलं, आपण सुट्टीत कुठे जाऊया, तुला काय वाटतं? "मला काही नाही वाटत," असं म्हणून तो आपली गाडी घेऊन पलंगाखाली शिरला. मला तो एकदम घरचा वाटला.

गेल्या महिन्यात आईला तपासायला नेलं होतं. तिला आता ऐकू येत नाही, म्हणून डॉक्टर माझ्याकडे बघून म्हणाले, "आजींना विचारा, झोप लागते का." मी तिच्या कानाशी जाऊन मोठ्याने विचारलं. तिने माझा दंड धरला आणि हळूच पुटपुटली, "त्यांना म्हणावं, आता गोळ्या पुरे. पुष्कळ झालं."

मी डॉक्टरांकडे वळले. "आई म्हणतेय, गोळ्यांनी पोटात जळजळतं."

त्यांनी ॲसिडिटीची एक गोळी वाढवून दिली.