नॉर्वेची फ्योर्ड क्रूझ: कुठे उतरलो, काय नेलं (सासूबाईंसोबत, माझा अनुभव)

हॅम्बर्गहून निघून स्टावांगर, फ्लॉम, गायरांगर आणि बर्गन करून परत हॅम्बर्गला येणारी आठवड्याभराची क्रूझ आम्ही जूनमध्ये केली. फ्योर्ड म्हणजे उंच डोंगरांमध्ये आत शिरलेला समुद्राचा अरुंद फाटा. मी, नवरा, मुलगी आणि सासूबाई. परत आल्यापासून सगळे एकच विचारतायत की आईंना घेऊन एवढं कसं काय जमवलंत, म्हणून एकदाच सविस्तर लिहिते. आईंनी पंचाहत्तरी ओलांडली आहे, दोन्ही गुडघे कुरकुरतात, पण फिरायची हौस आम्हा सगळ्यांपेक्षा दांडगी. त्यामुळे सगळं प्लॅनिंग दोन प्रश्नांवर उभं होतं, जहाजातून उतरल्यावर आई आरामात किती चालणार आणि जहाजावर परत किती वाजता चढायचंय. बाकी सगळं, तिकिटं, कपडे, बूट, खाऊ, त्यावरून ठरत गेलं.

व्हिसाचं आधी. माझे दीर हॅम्बर्गला राहतात, क्रूझच्या आधी आणि नंतर त्यांच्याकडे मुक्काम होता, म्हणजे जास्त दिवस जर्मनीत, म्हणून अर्ज जर्मनीकडे केला. शेंगेनचा, म्हणजे युरोपातल्या बऱ्याच देशांच्या सामाईक व्हिसाचा, नियमच तो आहे, जिथे मुक्काम जास्त त्या देशाकडे अर्ज करायचा आणि सगळीकडे सारखाच असेल तर जिथे पहिल्यांदा शिरणार त्यांच्याकडे. नॉर्वे युरोपियन युनियनमध्ये नाही पण शेंगेनमध्ये आहे, त्यामुळे वेगळा व्हिसा लागत नाही. मात्र क्रूझ साउदॅम्प्टनहून निघत असेल तर ब्रिटनचा व्हिसा वेगळा काढावा लागतो, बुकिंग करताना स्वस्त दिसतं म्हणून इंग्लंडची क्रूझ घेताना हा खर्च आणि वेळ धरून चला. इन्शुरन्स किमान ३०,००० युरोचा लागतो, तो तर घ्याच, पण ज्येष्ठ माणूस सोबत असेल तर जहाजावरचा डॉक्टर आणि जहाजावरून हॉस्पिटलला हलवणं हे दोन्ही त्यात कव्हर आहे का ते एजंटला लेखी विचारा. आम्ही विचारलं आणि त्यावरूनच पॉलिसी बदलली.

आता बंदरं. क्रूझ बुक झाली की लगेच जहाजाच्या टूर्सची यादी येते आणि किमती बघून डोळे पांढरे होतात. म्हणून लोक स्वतः सगळं करायला जातात, आणि ते बरोबरही आहे, फक्त एक गोष्ट समजून घ्या. जहाजाच्या टूरला उशीर झाला तर जहाज थांबतं, तुमच्या स्वतःच्या टूरला झाला तर थांबत नाही, पुढचं बंदर आपलं आपण गाठायचं, आणि नॉर्वेत दोन बंदरांमध्ये डोंगर, बोगदे, फेरीबोटी असं सगळं असतं. शिवाय जहाज पाचला सुटणार म्हणजे पाचपर्यंत फिरायचं असं नसतं, ऑल अबोर्डची, म्हणजे सगळ्यांनी जहाजावर परतायची, वेळ अर्धा ते एक तास आधीची असते. आम्ही घरीच ठरवलं की जे बंदराच्या जवळ आहे ते स्वतः करायचं, जे डोंगरावर लांब आहे ते जहाजाच्या टूरने, आणि एका बंदराला एकच मोठी गोष्ट. दुसरी गोष्ट यादीत लिहायचीच नाही. मुलीने सुरुवातीला तोंड वाकडं केलं पण आईंना धापा टाकायला लावून चार जागा बघण्यात काय मजा आहे सांगा.

अजून एक, बऱ्याच नॉर्वेजियन बंदरांच्या वेबसाइटवर कुठल्या दिवशी कुठलं जहाज कुठल्या धक्क्याला लागणार याचं वेळापत्रक असतं. ते जरूर बघा. त्यावरून कळतं की त्या दिवशी अजून किती जहाजं आहेत, म्हणजे गर्दी किती, आणि धक्का गावाजवळ आहे की शटल बस लागणार.

स्टावांगर. इथे सगळ्यांना प्रायकेस्टोलेनला जायचं असतं, तो फोटोंमध्ये नेहमी दिसणारा सपाट कडा, खाली ६०४ मीटरवर लीसफ्योर्ड. पण तो जाऊन येऊन ८ किलोमीटरचा दगडधोंड्यांचा चढउतार आहे, चारेक तास धरायचे, आणि तिथवर जायचा-यायचा वेळ वेगळा. तरुण मंडळी असाल तर नक्की करा. आम्ही त्याऐवजी बंदरातूनच सुटणारी लीसफ्योर्डची बोट घेतली, तोच कडा खालून बघितला, आई पूर्ण वेळ बसून. परत येऊन गामले स्टावांगरमध्ये फिरलो, अठराव्या-एकोणिसाव्या शतकातली पांढरी लाकडी घरं, प्रत्येक दारात फुलं, आणि जहाज अगदी त्या घरांच्या समोरच उभं असतं. फक्त रस्ते गोट्या-दगडांचे आणि चढाचे आहेत, गुडघेवाल्यांनी काठी घ्या.

फ्लॉमसाठी मात्र मी सगळ्यात जास्त डोकं लावलं आणि त्याचं चीज झालं. तिथली रेल्वे, फ्लॉमस्बाना, हेच तिथलं मुख्य आकर्षण. समुद्राच्या पातळीवरून निघून २० किलोमीटरमध्ये मिरडालला ८६६ मीटरवर जाते, तासाभरात. २० बोगदे, त्यातले १८ जवळजवळ हातानेच खोदलेले, १९४० मध्ये गाडी सुरू झाली. आपल्या खंडाळ्याच्या घाटात चढ ३७ ला १ आहे, म्हणजे ३७ मीटर पुढे गेलं की १ मीटर वर, इथे १८ ला १, आणि तेही मधला दातेरी रूळ न लावता साध्या रुळांवर! नवरा घाटातल्या गाड्यांचा वेडा आहे, त्याने हे वाचल्यापासून दुसरं काही बोलणंच बंद केलं होतं. जहाजाच्या टूरमध्ये ही गाडी होती, पण स्टेशन धक्क्यापासून चालत काही मिनिटांवर, गाडी तीच, फलाट तोच, म्हणून तिकीट मी स्वतः ऑनलाइन काढलं, जहाजाची वेळ पक्की झाली त्याच आठवड्यात. उशीर करू नका, जहाजं असतात त्या दिवशी सोयीच्या वेळा आधीच भरतात. सकाळची लवकरची गाडी घ्या, म्हणजे परतीला कितीही गडबड झाली तरी हातात वेळ राहतो. मध्ये श्योसफॉसेन धबधब्यापाशी गाडी थांबते, सगळे खाली उतरतात, तुषार अंगावर येतात, संगीत सुरू होतं आणि वर कड्यावर लाल कपड्यातली बाई नाचताना दिसते. तिथल्या लोककथेतली हुल्द्रा, डोंगरात राहून माणसांना भुलवणारी. आई म्हणाल्या, "अगं, ही तर आपल्या आसरांपैकीच दिसतेय." खाली फ्लॉमला नुसता स्वेटर पुरत होता आणि वर मिरडालला फलाटावर बर्फाचे ढीग, तेव्हा गाडीत जॅकेट सोबत पाहिजेच.

फ्लॉमला अजून स्टेगास्टाइन म्हणून एक जागा आहे, फ्योर्डच्या ६५० मीटर वर डोंगरातून बाहेर काढलेला लाकडी सज्जा. बस जाते. ज्यांना रेल्वेचं फार वेड नाही त्यांनी ते करा, दोन्हीच्या मागे लागू नका.

गायरांगरला जहाज बहुतेक वेळा मध्येच नांगर टाकतं आणि छोट्या बोटींनी, म्हणजे टेंडरने, किनाऱ्यावर नेतात. तरंगता धक्का आहे पण तो कुणाच्या वाट्याला येईल ते आपल्या हातात नाही. टेंडरमध्ये चढताना बोट हलते, एक पाय इकडे एक पाय तिकडे असा क्षण येतो, क्रूचे लोक दोन्ही दंड धरून उतरवतात, पण समुद्र जास्त हलत असेल तर व्हीलचेअर घेत नाहीत. हे आधी विचारून ठेवा. आम्ही इथे जहाजाचीच टूर घेतली, डाल्सनिब्बा या डोंगरमाथ्याची, कारण बस वळणावळणाने जवळपास १५०० मीटरवर जाते आणि तो रस्ता बर्फावर अवलंबून असतो, बंद असला तर पुढचं टूरवाले बघतात. जूनमध्येही रस्त्याच्या दोन्ही बाजूंना बर्फाच्या भिंती होत्या. वरून आपलं एवढं मोठं जहाज नखाएवढं दिसतं.

पण खरं सांगू, गायरांगरमधली सगळ्यात सुंदर गोष्ट फुकट आहे आणि ती जहाजावरूनच दिसते. जहाज फ्योर्डमध्ये शिरतं ते पहाटे. वेळ आदल्या दिवशी रिसेप्शनला विचारा, गजर लावा आणि डेकवर जा. दोन्ही बाजूंना सरळ उभे कडे, सात बहिणींचा धबधबा, त्याच्या समोर दुसरा, त्याला बहिणींना मागणी घालणारा म्हणतात, आणि कड्याच्या मध्येच एवढ्याशा हिरव्या पट्टीवर जुनी शेतघरं, आता कुणी राहत नाही. करवसुलीवाले आले की शिडी वर ओढून घ्यायचे अशी एका घराची गोष्ट सांगतात. आई कानटोपी, शाल, वर जहाजाचं ब्लँकेट अशा बसल्या होत्या आणि एकेका बहिणीवर बोट ठेवून मोजत होत्या, सातवी सापडेना, मग शेजारच्या जर्मन आजींनी त्यांचा हात धरून दाखवली. दोघींना एकमेकींची भाषा येत नव्हती पण नाश्त्यापर्यंत दोघी तिथेच. बरेच लोक त्या वेळी झोपलेले असतात, मला खरंच वाईट वाटतं त्यांच्यासाठी.

बर्गन सोपं आहे. ब्रिगेनची लाकडी घरं, १७०२ च्या आगीनंतर पुन्हा बांधलेली, १९७९ पासून जागतिक वारसा, आणि तिथून जवळच फ्लॉयबानेन, ३२० मीटरवर नेणारी दोरीची रेल्वे. तिकीट ऑनलाइन काढा आणि उतरल्या उतरल्या वर जा, उशिरा लांबच लांब रांग लागते. इथे वर्षातले दोनशेहून जास्त दिवस पाऊस असतो म्हणून ढग दिसले तरी थांबू नका, वर पोचेपर्यंत उघडतंही.

आता पॅकिंग. बंदराप्रमाणे पिशव्या भरल्या, ही आयडिया मुलीची. प्रत्येक बंदराची एक कापडी पिशवी, त्यात त्या दिवशीचं तिकीट छापून, मोजे, टोपी, हातमोजे, खाऊ. सकाळी शोधाशोध नाही.

कपडे एकावर एक घालता येतील असेच घ्या. आत पातळ थर्मल, मध्ये फ्लीस, वर वारा आणि पाऊस दोन्ही अडवणारं टोपीवालं जॅकेट. एकच जाडजूड कोट नेऊ नका, बोटीवर थंडी, बसमध्ये उकाडा, असं दिवसभर चालतं आणि तो कोट हातात वागवावा लागतो. छत्रीचा बर्गनच्या वाऱ्यात फार उपयोग नाही. आईंना रोज साडी लागते, पण पावसात काठ भिजतो आणि टेंडरमध्ये चढताना पायात येते, म्हणून त्यांनी स्वतःच ठरवलं की उतरायचं असेल तेव्हा पंजाबी ड्रेस आणि आत थर्मल, आणि साडी जहाजावर. फॉर्मल नाईटला त्यांनी जांभळी पैठणी नेसली आणि फोटोग्राफर त्यांच्यामागे मागे. बूट वॉटरप्रूफ आणि घरून निघायच्या आधी महिनाभर वापरलेले असावेत, नवे बूट तिथे जाऊन पहिल्यांदा घालू नका. आणि झोपताना डोळ्यांवर लावायची पट्टी, जूनमध्ये बर्गनला अकराच्या सुमाराला सूर्य मावळतो.

खाऊचं नीट ऐका. युरोपबाहेरून येताना सामानात दुधाचे आणि मांसाचे पदार्थ चालत नाहीत, नॉर्वेलाही तेच. म्हणजे तूप, पेढे, खव्याचं काहीही घरीच ठेवा. आम्ही चिवडा, बाकरवडी, खाकरा आणि लसणाची चटणी नेली, सगळं दुकानातलं सीलबंद पाकीट. जहाजावरचं ताजं जेवण किनाऱ्यावर नेता येत नाही, नॉर्वेत साधं सँडविचसुद्धा महाग, तेव्हा पोटभर नाश्ता आणि पिशवीत खाकरा हे गणित छान बसलं. शाकाहारी जेवणाचं जहाजाला आधीच ईमेलने कळवा आणि पहिल्या संध्याकाळी डायनिंगच्या हेडवेटरला भेटून पुन्हा सांगा, आमच्या वेटरने नंतर आईंसाठी रोज डाळ-भात मागवला.

प्लग दोन गोल पिनांचा लागतो, आपला तीन पिनांचा बसत नाही. इस्त्री आणि किटली जहाजावर चालत नाही, काढून घेतात. फोन समुद्रात एअरप्लेन मोडवर, जहाजाच्या नेटवर्कचं बिल भयंकर येतं. रोख पैसे फारसे लागले नाहीत, कार्ड जवळपास सगळीकडे चाललं. नॉर्थ सी जून असला तरी हलतो, उलटीची गोळी डॉक्टरांना विचारून आणि मळमळायच्या आधी घ्या.

पहिल्या दिवशी मोठ्या बॅगा धक्क्यावर देऊन टाकतात आणि त्या केबिनमध्ये संध्याकाळपर्यंत येतात, तेव्हा औषधं, प्रिस्क्रिप्शन, पासपोर्ट, चार्जर, एक स्वेटर खांद्यावरच्या बॅगेत. हॅम्बर्गहून जहाज एल्बे नदीतून तासन् तास जातं, डेकवर गार वारा असतो आणि वाटेतल्या वेडेल गावाला किनाऱ्यावरून जहाजांना मानवंदना देतात, राष्ट्रगीत वाजवतात, १९५२ पासूनची प्रथा आहे. स्वेटर बॅगेत बंद असेल तर ते केबिनच्या काचेतून बघावं लागतं. शेवटच्या रात्री उलटं, बॅगा रंगीत टॅग लावून दाराबाहेर ठेवायच्या, त्या सकाळी टर्मिनलवर रंगाप्रमाणे मांडलेल्या मिळतात. झोपायच्या आधी दुसऱ्या दिवशीचे कपडे, बूट आणि सकाळच्या गोळ्या बाहेर काढल्यात ना ते बघून मगच बॅगेला कुलूप लावा.