जुनं हाउसिंग, नवं क्राउन-पिनियन

जीपसाठी मागच्या अ‍ॅक्सलचं हाउसिंग, म्हणजे बाहेरचं कवच, नागपूरजवळच्या वाडीतल्या एका भंगारवाल्याकडं मिळालं. हाउसिंग, शाफ्ट, हब जुने घ्यायला माझी हरकत नसते. शाफ्टच्या स्प्लाइनवर, म्हणजे टोकाच्या खाचांवर, बोट फिरवायचं. पीळ जाणवला की तिथंच ठेवून द्यायचा. क्राउन-पिनियन, म्हणजे इंजिनची ताकद चाकांकडं वळवणारी दातेरी चाकांची जोडी, मात्र नवंच घ्यावं, आणि जोडीनंच. जुनं एकमेकांवर झिजलेलं असतं. दुसऱ्या हाउसिंगमध्ये पहिल्यासारखं बसवणं फार कठीण, मग रस्त्यावर घुं-घुं सुरू.

दात मोजूनच पैसे द्या. क्राउनचे दात भागिले पिनियनचे दात म्हणजे रेशो. 43 भागिले 8 म्हणजे 5.38, 39 भागिले 8 म्हणजे 4.88. फोर व्हील गाडीत पुढचा-मागचा रेशो जुळला नाही, तर डांबरावर फोर व्हील लावताच ट्रान्सफर केसवर, म्हणजे पुढच्या-मागच्या अ‍ॅक्सलला ताकद वाटणाऱ्या डब्यावर, ताण येतो.

फिटिंग कामठी रोडच्या मिस्त्रीकडं दिलं. दातांना पिवळा रंग फासून त्यानं क्राउन फिरवला. ठसा दाताच्या शेंड्यावर उमटला. "पिनियन बाहेर आहे भाऊ, जाड शिम लागते," म्हणाला आणि सगळं परत खोललं. शिम म्हणजे अंतर जुळवणारी धातूची चकती. प्रेसवर बेअरिंग काढा, शिम बदला, पुन्हा बसवा, डायल गेज लावून बॅकलॅश, म्हणजे दातांमधली मोकळीक, बघा. ठसा दाताच्या मधोमध आल्यावरच त्यानं झाकण लावलं. अशा हाताला मजुरी देताना मी घासाघीस करत नाही.

आता पहिले 800 किलोमीटर ओझं नाही, ट्रेलर नाही. नवे दात तापतात, नागपूरच्या मे महिन्यात तर जास्तच. त्यानंतर ऑइल बदलायचं.