सारखेच दिसणारे दोन ‘ऱ्या’

नारायण पेठेत मुद्रितशोधन करते मी, २२ वर्षं झाली. गेल्या दिवाळी अंकाच्या धांदलीत एका लेखकांचा फोन आला : नायकाचं आडनाव कऱ्हाडकर नको, देशपांडे करा. फाइंड-रिप्लेस केलं. संध्याकाळी प्रूफ वाचायला घेतलं तर नवव्या पानावर कऱ्हाडकर पुन्हा हजर, पुढेही सहा वेळा. आणि त्याच पानांवर ‘दुसऱ्या’, ‘वाऱ्यावर’ यांच्याखाली लाल रेघ. आधीच्या आठ पानांवर नाही.

रात्री भाचा जेवायला आला होता. त्याने ‘दुसऱ्या’ सुटं करून दाखवलं. आधीच्या पानांवर ऱ, हलन्त, य. नवव्या पानापासून साधा र, हलन्त, मग डोळ्यांना न दिसणारं एक जोडचिन्ह आणि य. कागदावर दोन्ही तंतोतंत सारखे. अर्धी कथा लेखकांनी टाइप केली होती, अर्धी आमच्या ऑपरेटरने, वेगळ्या कीबोर्डवर. (इनस्क्रिप्ट कीबोर्डवर शिफ्ट धरून J ही कळ दाबली की ऱ येतो, हे कित्येकांना माहीतच नसतं.) युनिकोड म्हणजे संगणकावर अक्षरं साठवण्याचं जगभरचं मानक; त्याची पद्धत ऱ-ची. जोडचिन्हाची जुनी पद्धत जुन्या मजकुरासाठी चालू ठेवली आहे.

“मावशी, स्पेलचेकचा शब्दकोश ओपन सोर्स आहे, कुणालाही बदल सुचवता येतो. तूच दुरुस्त कर की.”

मजकूर लिहायच्या लिबरऑफिस या सॉफ्टवेअरचं स्पेलचेक हनस्पेल नावाच्या प्रोग्रामवर चालतं आणि त्याचा शब्दकोश म्हणजे दोन साध्या फाइली : एकीत शब्द, दुसरीत नियम. मला प्रोग्रामिंग येत नाही, इथे लागलंही नाही. असे प्रकल्प जिथे ठेवलेले असतात त्या गिटहबवर खातं उघडणं, प्रकल्पाची आपली प्रत काढणं, त्यात बदल करून पुल रिक्वेस्ट, म्हणजे ‘हा बदल घ्या’ अशी विनंती, पाठवणं हे भाच्याने एका रविवारी शिकवलं. हीच चूक आधी कोणी कळवली आहे का, हेही त्याने आधी शोधायला लावलं.

पहिली रिक्वेस्ट परत आली. मी ऱ-च्या नियमाबरोबर वर्षानुवर्षं वहीत टिपलेले ३४० शब्दही घातले होते. प्रकल्प सांभाळणाऱ्याला मराठी येत नाही. त्याने विचारलं, हे मी तपासायचं कसं? एका वेळी एकच गोष्ट पाठवा. त्याचं बरोबर होतं. समासात नुसती खूण करून कारण न लिहिणारा मुद्रितशोधक मलाही चालत नाही.

दुसऱ्यांदा फक्त नियम पाठवला : वाचताना जुना ‘र्‍’ आला तर तो ‘ऱ्’ समजायचा. सोबत दोन छोट्या याद्या, चालायला हवेत ते शब्द आणि चालायला नकोत ते. ‘दुसर्या’ असा रफार दिला तर लाल रेघ यायलाच हवी. पण रफार सगळीकडे चूक नाही, हे त्याला कळावं म्हणून लिहिलं, की दर्या म्हणजे समुद्र आणि दऱ्या म्हणजे डोंगरांमधल्या खोल जागा; दोन्ही शब्द खरे, एकाला दुसरा समजू नये. माझ्या मते त्या सगळ्या पत्रात हे एक उदाहरण सगळ्यात मोलाचं होतं. ते मराठी माणसालाच सुचणार. १९ दिवसांनी बदल स्वीकारला गेला.

आता वहीतले शब्द वीस-वीस करून जातात, प्रत्येकापुढे अर्थ आणि एक वाक्य. छापील कोशातून उतरवलेले सगळे काढून टाकले, कारण त्यांचे हक्क आपले नाहीत. ‘नांव’, ‘कांहीं’ ही १९६२च्या लेखननियमांआधीची रूपंही काढली.

या आठवड्याची यादी छापखान्याची आहे. वडील खिळे जुळवायचे. ‘जुळारी’ शब्दाखाली अजून लाल रेघ येते, म्हणून तो पहिला. सुतारकाम, तांबटकाम, शेती यातले शब्द माझ्याकडे नाहीत. तुमच्या घरात असतील तर अर्थासकट लिहून ठेवा, पाठवायचं कसं ते मी शेजारी बसून दाखवीन.