नुसतं ‘हो’

मंगळवार, रात्री साडेदहा

पांढरकवड्याच्या स्टँडवर दाजी भेटले. काखेत पिशवी, पिशवीतून दवाखान्याची फाइल डोकावत होती. मला पाहून उभे राहिले आणि टोपी काढली. अजून काढतात. “सलाम, पाळकसाहेब,” म्हणाले, आणि दम न घेता, “पोट्टं पुन्हा भरती हाय यवतमाळले. रातभर हाडं दुखते म्हनते. त्याच्यासाठी प्रार्थना करजा.”

मी म्हणालो, “हो.”

एसटी लागली, ते चढले, खिडकीतून पुन्हा हात जोडले. माझं काम आटोपून मी घरी आलो, जेवलो. पण ते ‘हो’ काही खाली उतरत नाही.

चर्चचं पाळकपण सोडून सात वर्षं झाली. दाजींना ते ठाऊक आहे, त्या रविवारी पहिल्याच बाकावर होते. तरी पाळकसाहेब म्हणतात, तरी प्रार्थना करा म्हणतात. मी प्रार्थना करत नाही. कोणाला करणार? मग ‘हो’ कशाला म्हणालो? खोटं बोललो का? बोललोच. पण त्या स्टँडवर, त्या फाइलसमोर, ‘दाजी, मी आता मानत नाही’ असं कोणाच्या तोंडून निघालं असतं?

तीस-बत्तीस वर्षं माझ्याकडे एक वाक्य होतं. कोणाचा बैल मेला, कोणाची पेरणी उलटली, कोणाची लेक सासरी नांदेना, की मी म्हणायचो, ‘तुमच्यासाठी प्रार्थना करतो.’ समोरच्याचा चेहरा तिथल्या तिथे सैल पडायचा. मीही मोकळा व्हायचो. देव-परलोक बाजूला ठेवून याच जगाचं पाहणाऱ्या इहवादाने मला पुष्कळ दिलं, माझी झोप परत दिली, पण त्या वाक्याच्या जागी ठेवायला काही दिलं नाही. ‘काळजी घ्या’ तर परक्यालाही म्हणतात. आज फार एकटं वाटलं. पाळकाचा बंगला गेला त्याचं नाही. भावाने बोलणं टाकलं, तेही जाऊ दे. पण माणूस आपलं दुःख घेऊन समोर येतो आणि मी रिकाम्या तोंडाने उभा राहतो, हे सहन होत नाही.

आणि हे पोरगं तर... त्याच्या आईबापांचं लग्न मीच लावलं. तीन रविवार उपासनेत दोघांची नावं वाचली. कोणाला काही अडथळा ठाऊक असेल तर सांगावा, असं विचारलं. मंडळी गप्प. अडथळा दोघांच्या रक्तात होता. सिकलसेलचा वाहक धडधाकट असतो, वखर धरतो, कापूस वेचतो, त्याला स्वतःलाही कळत नाही. दोघे वाहक असले की दर बाळंतपणात चारात एक शक्यता, की मूल आजार घेऊनच येईल. रक्तातल्या तांबड्या पेशी तूर सोंगायच्या विळ्यासारख्या वाकतात, बारीक नसांत अडकतात, आणि हाडं ठणकतात. रक्ताच्या एका तपासणीत कळलं असतं. मी दोघांच्या बाप्तिस्म्याचे दाखले तपासले होते, तारखेसकट.

पुढे ती खालच्या वस्तीतली पोर. दुखणं तेच. कपाळाला तेल लावून मी तीन रात्री तिच्या उशाशी प्रार्थना केली. आईला सांगितलं, ही विश्वासाची कसोटी आहे. दुखणं काय होतं ते मला डॉक्टरांकडून कळलं, तेव्हा उशीर झाला होता. तिच्याबद्दल आज याहून जास्त लिहवत नाही. त्यानंतर प्रत्येक लग्नाआधी मी मुलामुलीच्या रक्ताची चिठ्ठी मागू लागलो. मंडळीला ते रुचलं नाही.

लोकांना वाटतं मला पुस्तकांनी फिरवलं. १९८३ साली आमची सेमिनरी, पाळक घडवणारी शाळा, यवतमाळहून पुण्याला हलली, त्याच्या आधीच्या शेवटच्या मुलांपैकी मी. तिथल्या लायब्ररीत असलं काही माझ्या हाती लागलं नव्हतं. मानवेंद्रनाथ रॉय यांचा, देवाऐवजी माणसाला मध्यभागी ठेवणारा नवमानवतावाद फार उशिरा वाचला. वेद-शास्त्रं शिकलेले तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी त्या वाटेने गेले होते, हे कळल्यावर धीर आला. मग धाकट्याने मोबाइलवर दाखवलं : देवावरचा विश्वास गेलेल्या पाळकांना आपसात बोलता यावं म्हणून २०११ साली अमेरिकेत क्लर्जी प्रोजेक्ट सुरू झाला, सुरुवातीला ५२ जण. त्यांतले काही तेव्हाही मंडळीपुढे उभे राहून उपदेश करत होते. मीही करत होतो. त्या रात्री उशीत तोंड खुपसून रडलो होतो. पण हे सगळं नंतरचं. विश्वास गेला तो तेलाच्या त्या वाटीजवळ.

नऊच्या सुमारास राहवलं नाही, दाजींना फोन लावला. म्हणालो, उद्या रात्री पोराजवळ मी बसतो, तुम्ही घरी जाऊन झोपा. पलीकडे बराच वेळ आवाज नाही. मग म्हणाले, “प्रार्थना केली काय?”

“नाही, दाजी. ते आता माझ्याच्यानं होत नाही. येतो मात्र.”

“या,” म्हणाले. “त्याले गोष्टी आवडते. मले येत नाई.”

पूर्वी ते वाक्य बोललो की मी घरी येत असे. किती दवाखान्यांच्या दारातून असा परत आलो असेन. आता वाक्य नाही, तर जावं लागतं. असू दे. पाय अजून धड आहेत, आणि गोष्टी मला पुष्कळ येतात, तीस वर्षं त्याच तर सांगितल्या. पोराच्या धाकट्या बहिणीची तपासणी झाली का, तेही विचारायचंय. फोनवर जीभ रेटली नाही.

ही आतल्या खोलीत आहे. दर रविवारी अजून जाते, मी कधी अडवलं नाही. मघाशी तिने पोराचं नाव घेतलेलं ऐकू आलं. थोड्या वेळाने बाहेर आली, पेटीतली जाड गोधडी काढून माझ्या पिशवीवर ठेवली. थंडीनं त्याचं दुखणं वाढतं, म्हणाली.