हुक कुठे अडकवायचा?

वाशीतल्या आमच्या सोसायटीच्या इमारतीची बाहेरून दुरुस्ती सुरू आहे आणि मी स्थापत्य अभियंता असल्यामुळे कामावर लक्ष ठेवण्याची जबाबदारी समितीने साहजिकच माझ्या गळ्यात घातली आहे. गेल्या आठवड्यात चौथ्या मजल्याच्या उंचीवर, परांचीवर उभा असलेला एक गवंडी दिसला. डोक्यावर हेल्मेट होते, अंगात बेल्टही होता. पण बेल्टचे दोन्ही हुक पाठीमागे एकमेकांत अडकवून नुसते लोंबत ठेवले होते. तो खाली आल्यावर मी जरा चढ्या आवाजातच विचारले, तेव्हा तो शांतपणे म्हणाला, "साहेब, बेल्ट हाय की. पण अडकवू कुठं?"

माझ्यापाशी उत्तर नव्हते. परांची बांबूची, काथ्याने बांधलेली. तिलाच हुक अडकवला तर ती कोसळताना माणसालाही सोबत नेणार. शिवाय हुक पायाशी अडकवला आणि त्याची दोरी पावणेदोन मीटरची असली, तर ती दोरी जिला जोडलेली असते ती बेल्टची पाठीवरची कडी पायापासून दीडेक मीटर उंचीवर असल्यामुळे, दोरी ताणली जाईपर्यंत माणूस सव्वातीन मीटर, म्हणजे जवळपास एक मजला, खाली आलेला असतो. धक्का सोसण्यासाठी उसवत जाणारी पट्टी त्यात आणखी मीटरभर घालते. हुक डोक्याच्या वर असेल तर दोरी ताणली जाण्यापूर्वीचे पडणे मीटरभरावर येते. पहिल्या मजल्यावर काम करणाऱ्याला तर पायाशी अडकवलेला हुक जमिनीवर आपटण्यापूर्वी थांबवूच शकत नाही.

१० सप्टेंबर २०२३ रोजी ठाण्यात बाळकुम येथे चाळीस मजली इमारतीच्या गच्चीचे वॉटरप्रूफिंग आटोपून खाली येणारे सात मजूर लिफ्ट कोसळून गेले. त्यांनी हेल्मेट घातले होते की नाही, याने काय फरक पडणार होता? तरीही अपघात झाला की आपण आधी मजुराच्या बेफिकिरीबद्दल बोलतो, आणि त्या दिवशी गवंड्यावर आवाज चढवताना मीही तेच केले.

घरी येऊन निविदेची फाइल काढली. परांचीचा दर चौरस फुटाप्रमाणे, रंगाचा दर, जलरोधक लेपाचा दर, सगळे तपशीलवार. शेवटी फक्त "सुरक्षा साधने समाविष्ट" एवढे तीन शब्द आणि त्यांच्यापुढचा रकाना रिकामा. सर्वांत कमी दराची म्हणून आम्ही हीच निविदा निवडली होती. खाली माझी सही आहे.

आता गच्चीवरच्या टाकीखालील आरसीसी कॉलमना, परांचीशी काहीही संबंध न ठेवता, प्रत्येक माणसासाठी एक स्वतंत्र दोर बांधला आहे. कठड्याच्या कडेवर घासून तो झिजू नये म्हणून खाली गोणपाटाच्या जाड घड्या घातल्या आहेत. दोरावर सरकणारी आणि झटका बसताच घट्ट धरणारी पकड ठाण्याहून मागवली. तो गवंडी हुक लावून दोर दोनदा ओढून बघतो आणि मगच फळीवर पाय ठेवतो.

हा खर्च ठेकेदाराच्या बिलातून कापून घ्यावा, असे एका सदस्याने सुचवले असून तो विषय पुढच्या सभेपुढे आहे. मी विरोधात मत देणार आहे.