ज्येष्ठेच्या शेजारी

काल गावी गच्चीवर अंथरुणं टाकली होती. अकराच्या सुमारास लाइट गेली आणि आग्नेयेला वृश्चिक राशीच्या ताऱ्यांचा अख्खा विंचू उभा राहिला. मधोमध ज्येष्ठा ही चांदणी, राखेतल्या निखाऱ्यासारखी. ५०० हून जास्त प्रकाशवर्षं लांब, आणि सूर्याच्या जागी ठेवली तर मंगळाची कक्षाही पोटात घेईल एवढी अवाढव्य! आईला म्हटलं, "बघ, तुझं जन्मनक्षत्र." तिनं बायनॉक्युलर कितीतरी वेळ सोडलाच नाही. ज्येष्ठेला अगदी लागून एम ४ हा तारकागुच्छ, काचेवर श्वास सोडल्यावर उमटावा तसा पुसट ठिपका. तो तर हजारो प्रकाशवर्षं मागे. मध्यरात्री नांगीपाशी एम ७ हा दुसरा तारकागुच्छ सापडला, सांडलेल्या तांदळासारखे सुटे सुटे तारे. तेवढ्यात लाइट आली. आई म्हणाली, "गच्चीवरचा दिवा बंदच राहू दे रे."